दिवेलागणीची तक्रार

“नरसबाई, पोरीला बांधून ठिवायची का?” म्हाळसाबाईंनी मला विचारलं. त्या चेष्टा करत नव्हत्या. हातात खरोखरच सुंभाची दोरी होती.

पोरगी समोर अंगणात बसून चिंचोक्यांशी खेळत होती. वय साडेतीन वर्षं. नाव शेवंता. मी तिला हाक मारली तर उठून आली, जीभ दाखव म्हटलं तर दाखवली, पोट तपासू दिलं. इतकं शहाणं मूल मी त्या आठवड्यात दुसरं पाहिलं नव्हतं.

“हिला काय झालंय?” मी विचारलं.

“आत्ता काय न्हाई. दिवस मावळला की बगा. आयीचा पदर धरती ती सोडत न्हाई. कुनी उचलाय गेलं तर चावती. माज्या हाताला चावली, ह्ये बगा. आन् बडबड करती. उंबरा, दगूड, कुत्रं, उंबरा. समोर कुत्रं नसतं का काय नसतं. लई भ्या वाटतं.”

हातावर दातांचे वण होते. मी ते बघितले, आयोडिन लावलं आणि वहीत लिहिलं, ‘मुलगी, साडेतीन वर्षं, संध्याकाळी हट्ट.’ दुसरं काय लिहावं ते मला सुचेना.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. मी नगरला नर्स-मिडवाइफचा कोर्स करून नेवाशाच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात लागले होते. दवाखान्यात डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. आठवड्यातून तीन दिवस मी आसपासच्या गावांत गरोदर बायका तपासायला जायची. सकाळी दहाला टांगा मिळे, दुपारी तीनला तोच टांगा परत निघे. तेवढ्यात जे दिसेल ते दिसेल.

म्हाळसाबाईंच्या घरी मी खरं तर त्यांच्या सुनेसाठी गेले होते. सून गोदा, वय वीस-एकवीस, सातवा महिना. शेवंता तिची पहिली. नवरा ग्यानबा शेतावर असायचा. घर बरं होतं, दोन बैल, एक गाय. माळकरी माणसं. गोदा माझ्यासमोर बसली ती मान खाली घालून. मी तिच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. पापणीच्या आतला भाग लाल असला तर अंगात रक्त ठीक, पांढुरका असला तर कमी. गोदाचा पांढुरका होता. पायावर थोडी सूज होती. लाकडी नळी पोटाला लावून मी बाळाचे ठोके मोजले. ते चांगले होते.

“काही त्रास?” मी विचारलं.

“न्हाई.”

“चक्कर? धाप?”

“न्हाई.”

“मुलगी संध्याकाळी असं का करते?”

शेवंताने चिंचोके टाकले आणि येऊन आईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. मी त्या दोघींकडे बघितलं आणि वाटलं, आई अशक्त आहे, मूल चिकट आहे. यात विशेष काय?

मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि परतले.

डॉक्टरांना संध्याकाळच्या हट्टाबद्दल सांगितलं. ते केसपेपरवरून मान वर न करता म्हणाले, “जंत असतील, सिस्टर. संध्याकाळीच वळवळतात. सँटोनिन द्या, सकाळी एरंडेल.”

“पण ती बडबडते. कुत्रं, दगड म्हणते.”

“जंताने मुलं झोपेतसुद्धा बडबडतात.”

पुढच्या खेपेला मी जंताचं औषध दिलं. पोरीला दिवसभर जुलाब झाले. दोन जंत पडले. संध्याकाळी तिने पुन्हा आईचा पदर धरला.

तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा शेवंताच्या कपाळावर अंगारा होता आणि डोळे लाल होते. म्हाळसाबाईंनी तिच्यावरून मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या आणि तिला धुरासमोर धरलं होतं. “तरी बी तेच,” त्या म्हणाल्या. “धुरानं खोकती, रडती, आन् तशीच आयीकडं पळती. नरसबाई, हिला बाहेरचं काय लागलंय का?”

“बाहेरचं काही नसतं, म्हाळसाबाई.”

“मंग आतलं काय हाय ते तरी सांगा.”

माहीत नसलं तर माहीत नाही म्हणावं, एवढं शहाणपण तेव्हा माझ्यात नव्हतं. मी तेवीस वर्षांची होते, अंगावर पांढरी साडी होती आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की घरात दुसरं मूल येणार असलं की पहिल्याला ते कळतं. आईचं पोट दिसतं, आई उचलून घेत नाही, मग मूल चिडतं, चिकटतं, चावतं. म्हणून बाळंतपणाच्या आधीच त्याला दुसऱ्या कुणाची तरी सवय लावावी. हे सगळं शेवंताला बरोबर लागू पडत होतं. मला एकदम हायसं वाटलं.

“हिला संध्याकाळी आईजवळ ठेवू नका,” मी सांगितलं. “दिवेलागणीच्या आधी कुणाकडे तरी पाठवत जा. पहिले दोन-तीन दिवस रडेल. रडू द्या.”

“धाकली जाऊ हाय माजी, दोन घरं सोडून. तिच्याकडं धाडू?”

“धाडा.”

गोदाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “नगा बाई,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या तिला माज्यापाशी. मला तिचा तरास न्हाई.”

“तुला नाही, घराला आहे,” मी म्हटलं. “आणि पुढच्या दोन महिन्यांनी काय करशील? दोघांना कुठे घेशील?”

तिने मान खाली घातली. मला वाटलं, पटलं.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ग्यानबा बैलगाडी घेऊन दारात उभा होता. पागोटं हातात. “बाई, चला. काल सांजच्याला पडली ती. गोठ्यात. गाईच्या खुट्याला पाय अडकून. रगत जातंय.”

डॉक्टर नेवाशाला कोर्टात साक्षीला गेले होते. मी बॅग भरली आणि गाडीत बसले. वाटेत मी ग्यानबाला विचारत राहिले, किती रक्त, पोटात दुखतंय का, बाळ हलतंय का. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो एकच गोष्ट परत परत सांगत होता, “तो खुटा तितंच हाय बाई, सात वर्सं झाली. रोज ती तितनंच जाती. आन् काल कसा अडकला?”

मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला नाही.

गोदा आतल्या खोलीत घोंगडीवर पडली होती. कोपर सोललेलं, गाल सुजलेला. रक्तस्राव थोडाच होता, पण सातव्या महिन्यात थोडाही मोठाच धरायचा असतो. वार, म्हणजे जिच्यातून बाळाला आईकडून पोषण पोचतं ती, धक्क्याने सुटायला लागली तर आई आणि बाळ दोघंही जातात, आणि मग हातात काही राहत नाही. मी नळी लावली. ठोके ऐकू येईपर्यंत माझे कान सुन्न झाले होते. होते ठोके. थोडे जलद होते, पण होते.

पायाकडची बाजू उंच केली, हलायचं नाही म्हणून बजावलं, दर अर्ध्या तासाला नाडी आणि ठोके लिहीत बसले. तीन वाजता टांगा येऊन गेला. मी त्याला परत पाठवलं. अशा बाईला सोडून जाणं शक्यच नव्हतं. त्या घरात मी संध्याकाळी थांबले ती केवळ त्यामुळे.

पाचच्या सुमारास रक्त थांबलं. म्हाळसाबाईंनी मला चहा आणून दिला आणि दाराशी बसल्या. बाहेर जनावरं परत येत होती. तेवढ्यात कुणीतरी धावत आलं. शेवंता. चुलत आजीच्या घरून सुटून आली होती. चुलत आजी मागून ओरडत होती, “चार दिस झालं, सांजचा घास गिळत न्हाई ही!”

“न्या हिला,” मी म्हणाले. पण पोरगी माझ्या बगलेखालून आत शिरली आणि आईच्या उशाशी जाऊन बसली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. मी म्हटलं, राहू दे क्षणभर.

अंधार पडू लागला. त्या दिवसांत रॉकेल कंट्रोलवर मिळायचं. गावात कुणी लवकर दिवा लावत नसे. सगळीच माणसं संध्याकाळी चाचपडत वावरायची, त्यामुळे कुणाचा पाय कुठे अडखळला तर कुणाला नवल वाटत नसे. तरी अजून उजेड होता. थर्मामीटरचा पारा मला खिडकीपाशी नीट वाचता येत होता.

गोदाला तहान लागली. तांब्या तिच्या हाताजवळ होता. तिने हात पुढे केला तो तांब्याच्या वीतभर पलीकडे गेला. परत आला, जमिनीवरून फिरला. शेवंताने आईचा हात धरला आणि तांब्यावर नेऊन ठेवला. “तांब्या हाय,” ती हळूच म्हणाली. मग पुन्हा, “भरलाय.”

माझ्या हातात थर्मामीटर तसाच राहिला.

मी उठून गोदाच्या समोर बसले. दोन बोटं वर केली. “गोदा, ही बोटं किती?”

ती माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होती, पण बोटांकडे नाही.

“दोन,” शेवंता म्हणाली.

“तू नाही. गोदा, तू सांग.”

“दोन हायेत,” शेवंताने आईच्या कानाशी सांगितलं, जणू माझा प्रश्न आईला ऐकूच आला नव्हता.

गोदा रडायला लागली. रडताना पोट हलू नये म्हणून मी तिचा खांदा दाबून धरला. मग तिने तुटक तुटक सांगितलं. दोन महिन्यांपासून दिवस मावळला की तिला दिसेनासं व्हायचं. चुलीपाशी जाळ असेल तेवढं दिसायचं, पुढे सगळं काळं. शेवंताच्या वेळीही शेवटी असं थोडं झालं होतं आणि बाळंत झाल्यावर आपोआप गेलं होतं. म्हणून तिने ठरवलं होतं, बाळंतपणापर्यंतचे दिवस कसेतरी काढायचे. एकदा उंबऱ्याला ठेचकाळून पडली ते शेवंताने बघितलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी संध्याकाळी पदर धरून पुढे चालायला लागली. उंबरा आला, दगड आहे, कुत्रं बसलंय, असं सांगत. कुणाला सांगायचं नाही, एवढंच गोदा तिला म्हणाली होती.

पोरीला धुरात धरलं, जुलाब दिले, तरी ती बोलली नाही.

“सासूला का नाही सांगितलंस?”

“माज्या मावशीला असंच झालं हुतं,” गोदा म्हणाली. “आंधळी म्हनून तिला माहेरी धाडली. परत न्ह्यायला कुनी आलंच न्हाई. बाई, तुमच्या पाया पडते, सांगू नका.”

मी काय करावं ते मला खरंच कळेना. पेशंट सांगू नको म्हणते ते सांगू नये, असं शिकवलेलं. पण हा आजार खाण्यातून येतो. आहारात एक सत्त्व कमी पडलं की रात्री दिसेनासं होतं. ते हिरव्या पाल्यात असतं, दुधालोण्यात असतं, जनावराच्या काळजात असतं. पोटातलं बाळ आईच्या अंगातलं काढून घेतं, म्हणून गरोदरपणात जास्त दिसतं. औषध सोपं होतं. पण त्या घरातलं ताट म्हाळसाबाई वाढत होत्या, आणि त्यांनीच सुनेला पाला वायू धरतो म्हणून बंद केला होता. त्यांना न सांगता मी काय करणार होते?

मी दाराकडे वळले. म्हाळसाबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्या म्हणाल्या, “रातांधळी?”

“हो. पण बरं होतं हे. दिवसा तिला नीट दिसतं.”

“मला ठावं हाय बरं हुतं. ग्यानबाच्या येळेला मला बी हुतं.” त्या उठल्या, आत आल्या. “मी बी सांगितलं न्हवतं कुनाला.” एवढं बोलून त्या सुनेवर भडकल्या. “येवडी शानी झाली व्हय गं तू? आन् मी त्या लेकराला मिरच्यांच्या धुरात धरलं! मला ग पाप लागंल का तुला?”

त्यांनी शेवंताला जवळ घ्यायला हात पुढे केले. शेवंता आईच्या पलीकडे सरकली. म्हाळसाबाईंचे हात तसेच राहिले. मग त्यांनी ते पदराला पुसले आणि दिवा लावायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात मी गोदाचे डोळे नीट बघितले. पापणी नाही, डोळा. पांढऱ्या भागात कडेला साबणाच्या फेसासारखा ठिपका होता, दोन्ही डोळ्यांत. रातांधळेपणाची खूण. तीन वेळा मी तिच्या पापण्या खाली ओढल्या होत्या आणि तीनही वेळा डोळ्याच्या शेजारून परत आले होते.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “मुलीला वेगळी ठेवा हे कुणी सांगितलं?”

“मी.”

“हं.” त्यांनी चष्मा काढला. “आणि जंत मी सांगितले. बाई बघायची सोडून आपण दोघं पोरीवर उपचार करत होतो.” नंतर ते या विषयावर कधी बोलले नाहीत, मला रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

औषध होतं माशाच्या लिव्हरचं तेल. विलायती तेल लढाईमुळे बंद झालं होतं, मुंबईकडून शार्कचं यायचं. मी बाटली घेऊन गेले तेव्हा म्हाळसाबाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि मागे सरल्या. “मासा हाय व्हय ह्यो? आमच्या घरात माळ हाय, बाई.”

मीही जन्मात माशाला शिवले नव्हते. त्यांना काय सांगावं? मी म्हटलं, “म्हाळसाबाई, मला धर्मातलं कळत नाही. मला एवढं माहीत आहे की ती परत पडली तर मी काही करू शकणार नाही.”

त्यांनी विचार केला. बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात राहिली. गोदा उठायच्या लायकीची होईपर्यंत म्हाळसाबाई स्वतः आंघोळीच्या आधी चमचा भरून आणायच्या, सुनेच्या तोंडात घालायच्या आणि मग आंघोळ करायच्या. परड्यात शेवग्याचं झाड होतं. आजवर त्याचा पाला शेळ्या खात. आता तो घरात शिजू लागला. लोणी बाजाराला जायचं थांबलं.

दहा-बारा दिवसांत गोदाला संध्याकाळी दिसायला लागलं. मला वाटलं, झालं. प्रकरण संपलं. पण ग्यानबा पुन्हा दवाखान्यात आला. “बाई, ती बरी हाय. पोरगी बिघडली.”

या वेळी मी संध्याकाळी गेले. दिवस मावळताना शेवंताने आईचा हात धरला. गोदा तो सोडवून सरळ गोठ्याकडे चालती झाली. तिला दिसत होतं, कामं पडली होती. शेवंता अंगणात उताणी पडली आणि अशी किंचाळली की गाय दाव्याला ओढ देऊ लागली. जंत, भूत, हट्ट, काहीही म्हणा. दोन महिने ज्याचं तिच्यावर खोटंच खापर फोडलं होतं ते आता खरोखर समोर होतं, आणि याचं औषध माझ्या बॅगेत नव्हतं, कोर्समध्येही शिकवलेलं नव्हतं.

एकदा चुकले होते, म्हणून या वेळी मी सल्ला दिलाच नाही. मला माहीत नाही, असं म्हाळसाबाईंना स्पष्ट सांगितलं. त्यांना ते आवडलं नसावं. पण त्यांनी सुनेला बोलावलं आणि म्हणाल्या, “तिला संगं ने. हळू चाल. गाईची धार येवडी काय पळून जात न्हाई.” गोदा हळू चालायला लागली. आठ दिवस, पंधरा दिवस. किंचाळणं कमी होत गेलं. त्यामुळेच कमी झालं का, की आपोआप, हे मी आजही सांगू शकणार नाही.

दिवस भरल्यावर गोदा बाळंत झाली. मुलगी. बाहेर येताच रडली, वजन बेताचं पण अंग चांगलं. रक्तस्राव झाला नाही. मी बाराव्या दिवशी गेले ती पुन्हा संध्याकाळीच. गोदा बाळाला पाजत बसली होती, म्हाळसाबाई दारात उभ्या राहून हाका मारत होत्या.

“बगा की, नरसबाई,” त्या म्हणाल्या. “आता शेवंता दिवेलागनीला घरात थांबत न्हाई. त्या पोरांच्या संगं आंधारात पळापळी खेळती. आयीला इचारत न्हाई, बहिनीकडं बगत न्हाई. हिला आता काय झालं?”

“काही नाही झालेलं,” मी म्हटलं. “मुलं अशीच असतात.”

त्यांना ते फारसं पटलं नाही.

नंतर मी वरच्या कचेरीला अर्ज केला. गरोदर बायकांच्या भेटीची वेळ आठवड्यातून एक दिवस संध्याकाळची करावी, कारण काही तक्रारी दिवसा दिसत नाहीत. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की भेटीची वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन हीच आहे व त्यात बदल करण्याचे कारण दिसत नाही. ते पत्र मी फाइलला लावलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, घरच्यांनी एखादी तक्रार सांगितली की मी औषधाच्या आधी एकच गोष्ट विचारत असे, किती वाजता होतं? आणि जमेल तेव्हा त्या वेळेला जात असे. रजा टाकून.